एकतीस नंबरची स्लाइड

ठाकुरद्वार, गिरगाव
१४ जून १९५९

भावोजी,

मायना गाळला आहे. 'तीर्थरूप' लिहिलं असतं तर तुम्हाला हसू आलं असतं, आणि दुसरं काही लिहायचा माझा हक्क उरलेला नाही. यशूताई गेल्यापासून अडीच वर्षांत हे पहिलंच पत्र, तेही कामापुरतं.

बेबीच्या शाळेचा कागद सोबत जोडला आहे. ती दुसरीत गेली. नव्या हेडबाईंचं म्हणणं असं, की वडील हयात असताना मावशीची सही चालायची नाही. अण्णा स्वतः जाऊन भांडून आले. सॉलिसिटरच्या कचेरीत चाळीस वर्षं काढलेला माणूस, पण हेडबाईंनी त्यांनाच कायदा शिकवला. बडोद्याच्या जावयाची सही मागवायची म्हटल्यावर ते भरल्या ताटावरून उठून गेले. तेव्हा सही करून उलट टपाली पाठवा. पत्ता माझ्या परळच्या कामाचा घाला, घरचा नको. कारण तुम्हाला माहीत आहे.

बेबीचे वरचे दोन दात पडले. बोंबलाचं भुजणं ताईसारखंच आवडतं, पण कोथिंबीर वेचून ताटाच्या कडेला लावते. ती खोड तुमची. अण्णांना ते दिसतं.

माझं काम तेच. कॅन्सरच्या आजाऱ्याचं रक्त घ्यायचं, ते फिरवून निवळायचं, तळाचा साका काचेच्या स्लाइडवर पसरून रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली एक एक ओळ बघत जायचं. गाठीतून सुटून रक्तात आलेली एखादी पेशी सापडते का ते शोधायचं. खंडीभर तांदळात एक काळा दाणा. सध्या मीनाक्षीबाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, नवं टुमणं काढलं आहे. पंचावन्न सालापासूनच्या सगळ्या स्लाइड्स पुन्हा बघायच्या, पण नावं झाकून, नुसता नंबर लावून. डोळे फुटायची वेळ आली आहे.

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. सही पुरे.

नलू


परळ
२ ऑगस्ट १९५९

भावोजी,

सही पोचली. बरोबर चिठ्ठीचा कपटासुद्धा नव्हता. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. असो, मीच म्हटलं होतं सही पुरे.

आजचं पत्र कामापुरतं नाही. आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. बेबीला तुम्ही दर महिन्याला पत्रं पाठवत होता, ती 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत यायची. तुम्हाला वाटलं असेल, अण्णा. अण्णा नुसतं 'परत पाठव' म्हणायचे आणि पत्र माझ्यापुढे टाकून फिरायला निघून जायचे. शेरा मी लिहायची. अक्षर तुम्ही ओळखलं असणारच, पहिल्याच पत्राला. एखादं पत्र मी उशीखाली ठेवलं असतं तर अण्णांना काय कळणार होतं? नाही ठेवलं. बेबी तेव्हा नुकतीच मला 'नलूआई' म्हणायला लागली होती. मी तिला एकदाही 'मावशी म्हण' असं सांगितलं नाही.

आता खरी गोष्ट. मागच्या सोमवारी एकतीस नंबरची स्लाइड लावली. तिसऱ्या ओळीत ती दिसली. मोठी, गडद निळी, मधलं केंद्र चुरगळलेल्या कागदासारखं, भोवती जेमतेम काठ. ही पेशी मी साडेतीन वर्षं ओळखते. पहिली कुणाच्या रक्तात पाहिली तेही तुम्हाला ठाऊक आहे.

नंबर कुणाचा ते शेवटापर्यंत बघायचं नाही असा नियम आहे. यादी मीनाक्षीबाईंच्या कपाटात, आणि किल्ली माझ्याकडे. मी यादी उघडली. एकतीस नंबर आजारी माणूस नव्हताच. तुलनेला निरोगी रक्त लागतं, ते आम्हीच देतो. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या लालबागच्या सुंदराबाई देतात, मी देते. एकतीस नंबर मी आहे. पंचावन्नच्या डिसेंबरात काढलेलं माझं रक्त.

वहीत मी 'नाही' असं लिहिलं आणि स्लाइड परत डब्यात ठेवली. कुणाला बोलले नाही. आंघोळीच्या वेळी रोज अंग चाचपून बघते. गाठ सापडत नाही, पण ती तर आत कुठेही असू शकते. ताईच्या वेळी मी धीट होते, दुसऱ्याच्या मरणाची बातमी द्यायला. आता माझ्यावर आली तर वहीत 'नाही' लिहिते.

मागणं एकच. मला काही झालं तर बेबीला न्या. अण्णा काहीही म्हणोत.

नलू


परळ
११ ऑगस्ट १९५९

भावोजी,

मी मरत नाही. हे आधी लिहिते, कारण मागच्या पत्राने तुम्हाला काळजी लागली असेल तर ती फुकट होती. आणि लागली नसेल तर तेही मी समजू शकते.

ते पत्र टाकल्यावर चार दिवसांत माझा चेहरा इतका उतरला की मीनाक्षीबाईंनीच दार लावून विचारलं. मी रडतरडत सगळं सांगितलं, वहीतलं खोटं 'नाही'सुद्धा. त्या आधी रागावल्या आणि मग म्हणाल्या, "नलिनी, साडेतीन वर्षं तू ठणठणीत आहेस, हे तुला कसं सुचलं नाही? आणि तू एकटी नाहीस. सुंदराबाईंच्या स्लाइडमध्येही ती आहे. आत्तापर्यंतच्या अकरा निरोगी माणसांपैकी सहांच्यात आहे."

ती कॅन्सरची पेशी नव्हेच, भावोजी. हाडाच्या मगजातली पेशी आहे. सगळ्यांच्या शरीरात असते. जखम झाली की रक्त थांबवणारे कण तिच्यापासून तयार होतात. कधीकधी ती मगजातून निसटून रक्तात येते आणि बघणाऱ्याला फसवते. परदेशातलेही पुष्कळ जण फसले, असं आता छापून येऊ लागलं आहे.

सुंदराबाई दारातून ऐकत होत्या. "माज्या रगतात गावला म्हंता? गावांदेत. माका मराक येळ खंय आसा?" म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या. मला हसू आलं आणि हसता हसता स्लाइड्सच्या डब्यांकडे नजर गेली. कारण मग यशूताईची स्लाइड?

मी ती काढली. माझी आणि तिची शेजारी शेजारी ठेवून बघितली. मीनाक्षीबाईंनाही दाखवली. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हीही तीच."

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मी लिहिणार आहे. कारण आजवर हे मी कुणाजवळ उच्चारलं नाही. छप्पनचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीहून जाहीर झालं आणि लालबाग-परळला गोळीबार सुरू झाला. कर्फ्यू लागला. मीनाक्षीबाई घरी अडकल्या, मी इस्पितळात अडकले. ताईच्या छातीतली गाठ चोवीस तारखेला काढायची ठरली होती. सर्जन म्हणाले होते, 'वेळेवर आलात.' तिचं रक्त माझ्या टेबलावर होतं, स्लाइडवर तिचं नाव होतं. सख्ख्या बहिणीची स्लाइड मी बघायलाच नको होती. बघितलीच तर दुसऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय तोंड उघडायला नको होतं. दुसरं कुणी नव्हतं. दोन दिवस थांबले असते तर मीनाक्षीबाई आल्या असत्या.

थांबले नाही. आणि कशी बघितली तेही सांगते. निरोगी माणसाची स्लाइड मी दहा मिनिटं बघायची, कारण तिथे काही असणारच नाही हे मला माहीत होतं. आजाऱ्याची तासभर. ताईची मी सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत बघितली. इतकं शोधल्यावर काहीतरी सापडणारच. माझी स्वतःची अशी बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं.

कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा तुम्ही दादरहून चालत आलात, ऑपरेशन होणार का ते विचारायला. जिन्याखाली मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, "रक्तात उतरलंय, भावोजी. आता कापून काय उपयोग? तिचे हाल करू नका." वर शपथ घातली, बेबीची. कुणाला सांगायचं नाही, ताईला नाही, अण्णांना नाही, कारण निकाल सांगायचा मला अधिकार नव्हता आणि नोकरी गेली असती. तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात. मग उठून मलाच म्हणालात, "तू रडू नकोस."

तुम्ही तिला केळव्याला तुमच्या मावशींकडे नेलंत. तिथली हवा, तिथले वैद्य. सर्जननी दोनदा बोलावणं पाठवलं, तुम्ही उत्तर दिलं नाहीत. दहा महिने. आणि तेराव्याला अण्णा भरल्या घरात तुम्हाला म्हणाले, "भित्रे आहात तुम्ही. डॉक्टरांच्या हातात द्यायची सोडून माझी मुलगी मरायला समुद्रावर नेऊन ठेवलीत. नात तुमच्या हाती द्यायची नाही." तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. मी पत्रावळी मोजत होते. मी मोजतच राहिले.

ऑपरेशन झालं असतं तर ती वाचली असती का, हे मीनाक्षीबाईही सांगू शकत नाहीत. पण वाचण्याची वेळ होती, आणि ती मी घालवली.

अण्णांना सांगते. गणपती होऊ देत.

नलू


गिरगाव
२७ सप्टेंबर १९५९

भावोजी,

गणपती झाले. पितृपक्षात नको म्हटलं. आता नवरात्र येईल. कारणांना काय तोटा आहे.

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी, पण मी त्या इतक्या वेळा वाचल्या आहेत की पाठ झाल्या. 'अण्णांना सांगू नकोस. त्यांचं वय झालं, सोसणार नाही. बेबी तुझ्याकडे सुखात आहे. यशू शेवटपर्यंत विचारत होती, नलूने माझी स्लाइड बघितली का. मी नाही म्हणून सांगितलं.'

म्हणजे ताईला वाटलं, मी तिच्यासाठी एवढंही केलं नाही. मला वाचवायला तुम्ही तिच्याशी खोटं बोललात आणि तिच्या मनात मला कोती केलंत. मी तुमच्यावर चिडले, खरंच चिडले. दुपारभर. मग लक्षात आलं की खरं सांगितलं असतंत तर तिला काय कळलं असतं ते. माझ्या चुकीने तुम्हाला कुठल्याच बाजूने नीट वागायची सोय ठेवली नाही.

आणि भावोजी, तुमच्या कार्डाने मला आनंद झाला हेही सांगते. 'सांगू नकोस' वाचलं तेव्हा छातीवरचा धोंडा उतरला. तुम्हीच नको म्हणता, मग मी कशाला सांगू? बेबी इथेच राहील. सकाळी तिची वेणी मीच घालीन. अशी आहे मी. तुम्ही मला फार चांगली समजू नका.

नलू


गिरगाव
१३ डिसेंबर १९५९

भावोजी,

सांगितलं. कसं घडलं ते क्रमाने लिहिते.

शेजारची कांता बेबीबरोबर गच्चीवर सागरगोटे खेळत होती. मी कपडे वाळत घालत होते. कांताने सहज विचारलं, "तुझे बाबा कुठे असतात ग?" बेबी गोटे झेलता झेलता म्हणाली, "ते वाईट आहेत. त्यांनी माझ्या आईला समुद्रावर नेऊन ठेवलं, म्हणून ती मेली." तिचा गोटा खाली पडला नाही. परवचा म्हणावा तसं म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली, आपण बरोबर सांगितलं म्हणून.

तुम्ही मला माफ करू शकता. पण ही पोर तुमच्याबद्दल असं बोलत मोठी होणार आणि ती मला आई म्हणणार, हे मला झेपेना.

घरी सांगितलं असतं तर अण्णा ओरडले असते आणि मी पुन्हा गप्प बसले असते. ते पुराव्यावर चालणारे. म्हणून शनिवारी त्यांना ट्रामने परळला घेऊन गेले. काळा कोट, टोपी, कोर्टात निघाल्यासारखे. मीनाक्षीबाईंनी खुर्ची दिली. मी मायक्रोस्कोप जुळवला. मोतीबिंदू आहे, तरी पुष्कळ वेळाने म्हणाले, "दिसली. काळी, मोठी." मी स्लाइड बदलली. "हीही तीच. दोन्ही एकाच माणसाच्या?"

"एक ताईची. एक माझी," मी म्हटलं. आणि मग सगळं, जिन्याखालचं, शपथेचं, पत्रावळींचं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग कोट काढला, सदऱ्याची बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवून मीनाक्षीबाईंना म्हणाले, "माझं घ्या."

"अण्णासाहेब, गरज नाही," त्या म्हणाल्या.

"आहे. हिच्या शब्दावर मी आता काही मानणार नाही."

मीनाक्षीबाईंनी रक्त घेतलं. बुधवारी अण्णांच्या रक्तात ती सापडली, बाईंनाच, मी बघितलं नाही. घरी येऊन सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे जावयांचा दोष नव्हता." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्या दिवसापासून ते मला नलू म्हणत नाहीत. पाणी हवं असलं तर "कुणी आहे का?" असं विचारतात. घरात मी आणि बेबीच असतो.

मला मायक्रोस्कोपवरून काढलं आहे. रक्त घ्यायचं, रंग द्यायचा, डब्यात लावायच्या. बघायचं नाही. मीनाक्षीबाई म्हणाल्या, "तुझे डोळे चांगले आहेत, नलिनी, पण तुला थांबता येत नाही."

सोबतचं पत्र अण्णांचं. पाकिटावरचा पत्ताही त्यांनीच लिहिला, पहिलं पाकीट फाडून दुसऱ्यावर. मी वाचलेलं नाही, पण काय असेल ते मला माहीत आहे. शाळा संपली की एप्रिलअखेर येऊन बेबीला न्या. तोवर मी तिला तुमची गोष्ट सांगते आहे, दर दिवशी थोडी. कोथिंबीर बाजूला काढणारा आणखी एक माणूस जगात आहे, इथून सुरुवात केली.

नलू


गिरगाव
३ मे १९६०

भावोजी,

पोचल्याची तार मिळाली. मुंबईत अजून पताका उतरलेल्या नाहीत. परवा शिवाजी पार्काकडे सगळी मुंबई लोटली होती, आमच्या गल्लीत पेढे वाटले. कामावर सुंदराबाईंनी मला दोन दिले. त्यांचा पुतण्या छप्पनमध्ये लालबागला गोळी लागून लंगडा झाला, त्या पेढे वाटतावाटता डोळे पुसत होत्या. मीही खाल्ला. बेबी आता दुसऱ्या राज्यात, एवढंच मनात येत होतं.

बेबीला न्यायला तुम्ही दारात आलात तेव्हा अण्णा आतून तांब्या घेऊन आले. लग्नात त्यांनी तुमचे पाय धुतले होते तेव्हा ते साठीचे होते. आता वाकता येत नाही, तरी उंबऱ्याशी खाली बसले. तुम्ही पाय मागे घेतलेत आणि त्यांच्या हातातला तांब्या धरलात. पाणी दोघांच्याही कपड्यांवर सांडलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. पुढे यायची माझी हिंमत झाली नाही.

जेवलात, बेबीची ट्रंक बांधलीत, निघालात. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. कार्डावर माफ करणं वेगळं आणि समोर माणूस बघणं वेगळं. मी ते ओळखते. तुम्ही मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, तुमच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

तिच्याबद्दल काही राहिलं ते लिहिते. झोपताना डावा हात उशीखाली घालते, मुंग्या येतात, हलकेच काढून ठेवा. वेणी घालताना मान वळवते, रागावू नका. ताप आला की आधी तिचे कान लाल होतात. भुजण्यात पाणी घालायचं नाही, मंद आचेवर तेलात होऊ द्यायचं. गाडीत बसताना तिने विचारलं, "नलूआई, तू का नाही येत?" मी म्हटलं, "मी तुझी मावशी आहे, बेबी." पहिल्यांदाच म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि तुम्ही खिडकीतून दुसरीकडे बघायला लागलात.

ताईला काय झालं ते तिला मोठी झाल्यावर सांगा, सगळं सांगा, माझं नाव गाळू नका.

मी तिला दर महिन्याला पत्र लिहीन. एक तारखेला टाकीन, म्हणजे चारला मिळेल. ते तिला द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. नको वाटलं तर परत पाठवा, मी ते घेईन. पण 'घेण्यास नकार' लिहायची वेळ आली तर तुम्ही स्वतः लिहा. तिला आता छान लिहिता येतं, अक्षर माझ्यासारखं वळतं. तिच्या हातून लिहवून घेऊ नका.

नलू